आई, पेढे देऊ नकोस

वडोदरा,
१० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी सतरा प्रश्न विचारले. आईने एकच विचारला, पण सतरा वेळा. उत्तरं फोनवर विरून जातात, म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवते आहे. वाचून झालं की फ्रिजवर लावून ठेवा.

आधी आम्ही दोघी, मी आणि रामबागेच्या काकूंची धाकटी, काय बघायला जातोय ते. महिलांच्या फुटबॉलचा आशिया चषक यंदा ऑस्ट्रेलियात आहे, १ ते २१ मार्च. संघ बारा, गट तीन. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. आपले सामने असे: ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनामशी, ७ ला पर्थमध्येच जपानशी आणि १० ला सिडनीत तैपेईशी. तिन्ही बघणार. बाबा म्हणाले, ‘क्रिकेट असतं तर समजलो असतो.’ बाबा, या संघाला आयतं आमंत्रण मिळालेलं नाही. गेल्या जुलैच्या ५ तारखेला चिआंग माईत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून या मुली पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून भारतानं ही स्पर्धा गाठण्याची ही पहिलीच वेळ.

आणि ‘पर्थचे दोन बघा नि परत या, सिडनीचा खर्च कशाला,’ याचं उत्तर २०२२ मध्ये आहे. तेव्हा हीच स्पर्धा आपल्याकडे होती, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. पहिला सामना इराणशी ०-० सुटला. दुसरा तैपेईशी होता. त्याआधी संघात इतक्या जणींना कोविड झाला की मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. भारत स्पर्धेबाहेर गेला आणि झालेला सामनाही हिशेबातून काढून टाकला. आता १० मार्चला समोर तोच तैपेई आहे. तो सामना सोडून परत यायचं म्हणजे पंगतीत बसून श्रीखंड येण्याआधी उठायचं!

हिशेबही बाबांना आवडेल असा आहे. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात, शिवाय तिन्ही गटांतल्या तिसऱ्यांपैकी सरस दोन. म्हणजे तिसरं येऊनही उपांत्यपूर्व फेरी गाठता येते, पण तिथे गुण सारखे झाले की गोलफरक बघतात. जपान २०११ चा विश्वविजेता, त्यांच्याशी हरलो तर नवल नाही. पण दोनने हरलो की सातने, यावर पुढचं सगळं अवलंबून. म्हणून ७ तारखेला आपल्या मुली सगळ्या मागे उभ्या दिसल्या तर टीव्हीपुढे ‘अरे, पुढे जा की’ असं ओरडू नका. पहिल्या सहा संघांना २०२७ च्या ब्राझीलच्या विश्वचषकाचं तिकीट आहे, तेव्हा सगळेच जिवावर उदार होऊन खेळतील.

आता आईचा प्रश्न, ‘दोघीच, आणि तेही रात्रीच्या?’ पर्थचं मैदान शहराच्या मध्यापासून जवळ आहे, साडेवीस हजार माणसांचं. क्लेझब्रुक आणि मॅकायव्हर ही दोन्ही रेल्वे स्टेशनं चालत जाण्याइतकी. सामना सुटला की सगळी गर्दी एकाच दिशेनं निघते, आणि महिलांच्या सामन्याला कडेवर पोरं घेतलेली कुटुंबं बरीच असतात. आपल्या इंदूरच्या राजवाड्यावरच्या गेरमध्ये, रंगपंचमीच्या त्या मिरवणुकीत, शिरण्यापेक्षा हे किती तरी सोपं. खोली आम्ही गाडी न बदलता पोचता येईल अशीच घेतली आहे. मला खरी धास्ती आहे ती तिकिटाची जोडणी, बॅगेतला डबा आणि फोनची बॅटरी या तिघांची.

जोडणी अशी. रामबागेच्या काकूंची धाकटी इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसनं निघेल, मी त्याच गाडीत मध्यरात्रीच्या सुमारास वडोदऱ्याला चढेन. उतरायचं बोरिवलीला. मुंबई सेंट्रलला गेलो तर विमानतळासाठी उलटं मागे यावं लागतं. गाडी सकाळी पोचते, विमान रात्रीचं. मधला अख्खा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला आहे, गाडी चार तास रखडली तरी चालेल इतका. पुढे मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर-पर्थ पाच तास. येताना सिडनीहून सिंगापूरमार्गे मुंबई. हे सगळं एकाच तिकिटावर आहे, आणि ते महत्त्वाचं. दोन स्वस्त कंपन्यांची सुटी तिकिटं जोडली तर सिंगापूरला सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. सामान उचलायचं तर इमिग्रेशन ओलांडायचं, आणि ओलांडायला सिंगापूरमध्ये शिरायची परवानगी लागते. ती नसली की पहिल्या विमानतळावरच थांबवू शकतात. एका तिकिटावर मुंबईत टाकलेली बॅग थेट पर्थला निघते, आपण सिंगापूरला आतल्या आत विमान बदलायचं. काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवर पीईआर ही तीन अक्षरं आहेत की नाही ते बघूनच हलायचं, असं आमचं ठरलं आहे.

पर्थहून सिडनी ९ तारखेला. अंतर सुमारे ३३०० किलोमीटर, आपल्या देशाच्या उत्तर-दक्षिण लांबीएवढं. विमानाला चार तास लागतात आणि घड्याळ आणखी तीन तास खातं, म्हणजे सकाळी निघालं तरी दिवस गेलाच. त्यामुळे सामन्याच्या दिवशी प्रवास ठेवलेला नाही.

व्हिसा दोघींचे आले. हा व्हिसा पासपोर्टावर चिकटवत नाहीत, तेव्हा ‘शिक्का कुठाय’ असं विचारू नका. मंजुरीचं पत्र ईमेलनं येतं आणि व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. घोटाळा होतो तो इथेच. अर्जात क्रमांकाचा एक आकडा चुकला तर व्हिसा मंजूर होतो, पण भलत्याच पासपोर्टावर, आणि ते कळतं विमानतळाच्या काउंटरवर. ऑस्ट्रेलिया सरकारच्या व्हेवो या साइटवर क्रमांक टाकून ताडून बघता येतं. दोघींचं बघितलं, बरोबर आहे. पत्रात ८१०१ आणि ८२०१ असे दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे काम करायचं नाही, दुसरा म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त शिकायचं नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नावाचीही एक गंमत आहे. धाकटीच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही आहे, माझ्या नाही. तिकिटावर ते जसंच्या तसं घातलं आहे.

आता डबा. आई, हे दोनदा वाच.

ऑस्ट्रेलियात शेती आणि गुरं यांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून खाण्याच्या वस्तूंवर फार कडक नजर असते. आपल्याकडच्या गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, त्यांच्याकडे तो नाही. त्यामुळे दुधाची मिठाई बंद. पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई, आणि हो, मावा बाटीसुद्धा. घरच्या तुपातले लाडूही देऊ नकोस. दुधाची पावडर घातलेला तयार चहा नको. ताजी फळं, भाजी, कढीलिंबाची डहाळी, घरचं बियाणं, काहीच नको. विमानात एक कार्ड देतात. त्यावर खाद्यपदार्थ, बिया, दाणे, वनौषधी आहेत का असे प्रश्न असतात, समोर हो किंवा नाही अशा चौकटी, खाली सही. या कार्डावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. ‘हो’ लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात, दंड नाही. ‘नाही’ लिहिलं आणि कुत्र्यानं बॅग हुंगली, तर मोठा दंड आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. आम्ही दोघी ‘हो’वर खूण करणार आणि वस्तू दाखवायच्या रांगेत उभ्या राहणार. पंधरा मिनिटं जातील, जाऊ देत.

त्याच कार्डावर विचारतात की गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा गुरांजवळ गेला होतात का. धाकटी पुढच्या आठवड्यात देवासजवळच्या शेतावर जाणार आहे, तर तिथेही ‘हो’. तिच्या बुटांच्या तळाच्या खाचांत माती अडकली तर ते बूट तिथे धुवायला घेतात. तिला सांगा, शेतावर चपला घालून जा, आणि प्रवासाचे बूट आधीच ब्रशनं घासून, कोरडे करून ठेव. मीही सांगितलं आहे, पण तुमचं ऐकेल.

औषधं: माझ्या थायरॉइडच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. तीन महिन्यांपर्यंतच्या चालतात. डब्यातल्या सुट्या गोळ्या नेणार नाही. आईनं वाटून दिलेलं ते चूर्णही नाही, कारण ते कशाचं हे मला मराठीतही सांगता येत नाही.

फोनची बॅटरी का? कारण सामन्याची तिकिटं फोनवर आहेत. फोन बंद पडला तर दारात उभं राहावं लागेल. एकाच फोनवर दोघींची तिकिटं ठेवली तर गर्दीत चुकामूक झाल्यावर दुसरी अडकते. म्हणून प्रत्येकीचं तिकीट आपापल्या फोनवर, आणि फोन प्रत्येक सामन्याआधी पूर्ण भरलेला. पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे, म्हणजे ७४ वॉट-अवर. मर्यादा १०० ची, तेव्हा चालते, पण हातातल्या पिशवीतच ठेवायची, बॅगेत टाकायची नाही. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेवर काही चार्ज करायला मनाई केली आहे, म्हणून तिथे सीटच्या यूएसबीवर. ऑस्ट्रेलियाच्या भिंतीत आपला प्लग बसत नाही. त्यांच्याकडच्या चपट्या पाती तिरक्या असतात, मिशीसारख्या. दोन अडॅप्टर घेतले. विजेचा दाब २३० व्होल्ट, आपल्यासारखाच.

हवा: पर्थमध्ये मार्चमध्ये दुपारी तिशीच्या आसपास. आपल्या एप्रिलपुढे काहीच नाही, पण तिथलं ऊन त्वचा फार लवकर भाजतं, म्हणून टोपी आणि मलम. दुपारनंतर समुद्रावरून गार वारा येतो, त्याला तिथे ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. बाबांना असा बिनफीचा डॉक्टर आवडेल. सिडनीत मार्च पावसाचा, म्हणून तिथे रेनकोट. स्टेडियममध्ये छत्री उघडली की मागच्याला दिसत नाही.

सिडनीचं मैदान शहरात नाही, पश्चिमेला पॅरामॅटाला आहे. म्हणून खोली हॅरिस पार्कला, शेजारच्याच स्टेशनवर. तिथल्या भागाला लिटल इंडिया म्हणतात, दोन्ही वेळचं जेवण पायाशी. लोकलला तिकीट काढायला नको, बँकेचं कार्ड दारातल्या यंत्राला टेकवायचं. एका कार्डावर दोघी जाता येत नाही, आणि उतरताना टेकवायचं विसरलं की सर्वांत जास्त भाडं कापतात. विमानतळाच्या स्टेशनला वर सतरा-अठरा डॉलर वेगळे लागतात. डॉलर साठ रुपयांच्या पुढेमागे धरा, म्हणजे हजार रुपये नुसते त्या दाराचे! पण चार बॅगा घेऊन बसमध्ये चढण्यापेक्षा ते परवडले.

फोन कधी करायचा: पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, सिडनी साडेपाच. आईची रात्री साडेनऊची वेळ म्हणजे पर्थला बारा आणि सिडनीला पहाटेचे तीन. तेव्हा सिडनीला गेल्यावर तुम्ही दुपारी चार-पाचला करा. मॅच चालू असताना करू नका, ऐकू येणार नाही. मी उचलला नाही म्हणून रामबागेला फोन लावून काकूंनाही घाबरवू नका. सामना संपल्यावर स्टेशनवरून एक आणि खोलीवर पोचल्यावर एक, असे दोन मेसेज येतील. अगदीच अडलं तर तिथला पोलीस-अँब्युलन्सचा नंबर ०००, आणि पर्थ व सिडनी दोन्हीकडे भारताचं वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या पत्राच्या प्रती या पाकिटात घातल्या आहेत. बाबा, त्या लोखंडी कपाटात एलआयसीच्या फायलीत ठेवा, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात नको.

धुळवडीलाच पहिला सामना आणि रंगपंचमीला मी पर्थमध्ये, तेव्हा यंदा गेरला मी नाही. पाडव्याला १९ तारखेला घरी.

तुमची,
लेक

ता. क. अगदी राहवतच नसेल तर धाकटीबरोबर सेव दे. पण कंपनीचं सीलबंद पाकीट, वर इंग्रजीत घटक छापलेलं, २०० ग्रॅमची दोन. नेहमीच्या दुकानातली सुटी, कागदाच्या पुडीतली नको. पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं आणि त्या साहेबाला लवंग सेव म्हणजे काय हे मी कुठवर समजावणार!