रामदास बोटीविषयी मित्रास पत्र

मुंबई, १७ जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. टायटॅनिकवरचे तुझे वाचन पाहून आनंद झाला, पण तू अलिबागला राहतोस आणि आज १७ जुलै आहे, म्हणून मी तुला आपल्याच खाडीतल्या एका बोटीविषयी लिहितो आहे.

१९४७ साली याच तारखेला, गटारी अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेले चाकरमानी घेऊन, रामदास ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पाऊस आणि वारा वाढत गेला. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, तेव्हा घाबरलेले प्रवासी एकदम एका बाजूला धावले आणि त्या भारानेच ती उलटली. निघाल्यापासून तासही झाला नव्हता. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते त्यानंतरचे. टायटॅनिकवर वायरलेस होता. १९१२ च्या त्या रात्री तिची हाक ऐकून कार्पेथिया हे जहाज पहाटे पोहोचले आणि होड्यांतल्या सातशेहून अधिक लोकांना तिने वर घेतले. होड्या कमी होत्या, हे खरे. जेमतेम निम्म्या लोकांनाच त्यांत जागा होती, आणि म्हणूनच १९१४ साली जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, मुंबई बंदरापासून इतक्या जवळ बुडालेल्या रामदासवर मात्र वायरलेस नव्हता. बोट बुडाल्याचे शहराला कळले तेव्हा दुपार उलटली होती, आणि तेही जीवरक्षक कड्याच्या आधाराने तरंगत किनाऱ्याला लागलेल्या एका लहान मुलाकडून. इतके तास धक्क्यावरचे नेहमीचे व्यवहार चालूच राहिले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जी थोडी माणसे वाचली, त्यांतली बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी वाचवली. मासळी घेऊन मुंबईकडे येत असताना त्यांनी हा प्रसंग पाहिला, होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि तिच्या जागी माणसे घेतली. तशा खवळलेल्या पाण्यात शिडाची होडी बुडणाऱ्यांच्या गर्दीत घालणे म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

आपल्या किनाऱ्याचा इतिहासही अशाच घटनांनी भरलेला आहे. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी जयंती आणि तुकाराम या दोन बोटी वादळात गेल्या. त्याआधी १८८८ च्या नोव्हेंबरात, विजेच्या दिव्यांमुळे लोक जिला ‘विजळी’ म्हणत ती वैतरणा बोट, कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडून बुडाली. तिचे अवशेष अजूनही सापडलेले नाहीत. टायटॅनिकचे अवशेष १९८५ साली अटलांटिकच्या तळाशी, जवळजवळ चार किलोमीटर खोलीवर मिळाले, आणि त्यांवर माणसांनी प्रचंड पैसा व बुद्धी खर्च केली, याबद्दल माझी तक्रार नाही. वैतरणेचा शोधही कोणी तितक्याच चिकाटीने घ्यावा, असे मात्र मला मनापासून वाटते.

आता माझी एक विनंती. त्या सकाळी होड्या वळवणाऱ्या कोळ्यांच्या घरची मुले आज ऐंशी-नव्वदीच्या घरात असतील. पाऊस ओसरला की मी रो-रो बोटीने मांडव्याला येतो. तोवर तू रेवस-बोडणीच्या कोळीवाड्यांत चौकशी करून ठेव. कोणाच्या होडीत किती माणसे घेतली, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कोण होता, हे जे कोणाला आठवत असेल ते आपण दोघे बसून लिहून काढू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत