मागचा पुठ्ठा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लॅपटॉप काल रात्री उघडून बसलो. चहा सांडून पाच-सहा बटणं गेलीत, दुखणं एवढंच. पण कीबोर्ड वरच्या पत्र्याला बारीक रिबिटांनी ठोकलाय. पन्नासपर्यंत मोजली आणि नाद सोडला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, बॅटरीसकट अख्खा वरचा भाग बदला. रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला की आत सर्किटचा कागद चिकटवलेला असायचा. माझा निम्मा धंदा त्या कागदावर चालला.

तू म्हणतेस त्या फ्रेमवर्क कंपनीच्या, घरी उघडता येणाऱ्या लॅपटॉपचं सगळं वाचलं. 2021 पासून विकतात, स्क्रूड्रायव्हर खोक्यातच देतात, आणि पुढे नवा प्रोसेसर हवा असेल तर नुसता बोर्ड बदलायचा. पटलं. तरी बोर्डाच्या सर्किटचा पूर्ण नकाशा ते सगळ्यांना देत नाहीत. आणि 2025 च्या त्यांच्या डेस्कटॉपात रॅम सोल्डर केलेलीच आहे. त्यातल्या प्रोसेसरला लागणारा रॅमचा वेग स्लॉटमधून मिळत नव्हता. तेव्हा सोल्डर दिसलं की लबाडीच, असं मीही म्हणणार नाही.

माझा जीव जडला तो बर्लिनच्या एमएनटी रिफॉर्म या लॅपटॉपवर. सर्किटचा नकाशा सगळ्यांना खुला, बाहेरच्या डबीचे आराखडे खुले, बॅटरी म्हणजे आठ सुटे सेल, टॉर्चमधल्यासारखे. एक गेला तर एकच बदला! पण प्रोसेसर एआरएमचा, म्हणजे फोनमध्ये असतो त्या जातीचा, आणि विंडोजच्या जागी लिनक्स. तुझं विंडोजवरचं ड्रॉइंगचं कॅड सॉफ्टवेअर त्यावर चालायचं नाही. शिवाय किंमत बघून आईला सांगितलीच नाही.

म्हणून लेनोवोचा सेकंड हँड लॅपटॉप, थिंकपॅड टी480, घेऊ. 2018 चं मॉडेल, दिसायला ठोकळा. रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी खटका सरकवून हातात येते, आणि कुठला स्क्रू आधी काढायचा ते लेनोवोच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतील.

तुझा जुना टाकून देऊ नकोस. सुटा कीबोर्ड मिळतोय, रिबिटं उडवून बारीक स्क्रूंवर बसवून बघू. दिवाळीला आलीस की तूच उघड. स्क्रू क्रमाने ठेवायला आईचा जुना मसाल्याचा डबा मागून ठेवलाय. वाट्यांना हळद असेल, आधी पुसून घे.

तुझा,
बाबा