नंदू, तुझ्या भैरवाचा माग लागला

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदू,

गणपतीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मी मोबाईलवर अमेरिकन गिटारवादक डिक डेलचं ‘मिसिरलू’ लावलं आणि तू सतारीला गवसणी घालता घालता थांबलास. ‘अरे, हा तर भैरव!’ म्हणालास. आणि मग विचारलंस, ‘पण हे आधी वाजवलं कोणी?’ मला वाटलं होतं, याचं उत्तर चार दिवसांत फोनवर देऊन टाकीन. दीड महिना झाला, अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. म्हणून पत्र.

आधी तुझ्या भैरवाचं. सफेद तीनचा तानपुरा लावून मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. कोमल रे, शुद्ध ग, मध्यम, पंचम, कोमल ध, शुद्ध नी. मुख्य सुरावटीचे स्वर तुझेच. रे-धवरचं आंदोलन, म्हणजे स्वर हलकेच झुलवणं, नाही, तो संथपणा नाही, त्यामुळे राग भैरव म्हणता येणार नाही, पण थाट, म्हणजे स्वरांचा संच, तोच. अरबी-तुर्की परंपरेत याला हिजाझकार म्हणतात. आणि तू ज्याला ‘दिर दिर’ (सतारीवरचे झपाट्याचे दुहेरी आघात) म्हणालास तेही बरोबर होतं. डेल जाड तारेवर इतक्या वेगाने खाली-वर आघात करतो की दोन आघातांमध्ये फट राहत नाही. साठ सालच्या आसपास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जे सर्फ संगीत, म्हणजे लाटांवर फळीने खेळणाऱ्या पोरांचं गिटारसंगीत, जन्मलं, त्याची ही जवळजवळ ओळखच झाली.

लोक ज्याला सर्फची धून म्हणतात ती डेलच्या आधी निदान पस्तीस वर्षं तबकड्यांवर होती. जुन्या तबकड्यांच्या वेड्यांनी तिचा माग कसा काढला, ते वाचताना मी जेवायचं विसरलो. पहिली अडचण नावाची. रोमन लिपीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, त्यामुळे एका स्पेलिंगने शोधलं की निम्म्या तबकड्या हाताला लागतच नाहीत. मग लोक लेबल सोडून तबकडीच्या आतल्या कडेला, खोबण संपते तिथे कोरलेला आकडा वाचतात. भिंग घेऊन, दिवा तिरपा धरून. तो आकडा कंपनीच्या ध्वनिमुद्रणाच्या वहीशी जुळला की तारीख मिळते. अमेरिकेत स्थलांतरितांनी आपापल्या भाषांत काढलेल्या तबकड्यांची अशी यादी रिचर्ड स्पॉट्सवूड या माणसाने सात खंडांत करून ठेवली आहे. ग्रीक, तुर्की, यिद्दिश, अरबी, सगळं. एका माणसाचं आयुष्य जाईल असं काम. त्याच्यासारख्यांमुळेच आज आपण काही बोलू शकतो.

तर सर्वांत जुनं जे ध्वनिमुद्रण ठाऊक आहे ते १९२७ सालचं, टेटोस डिमिट्रियादिस या गायकाचं. तो इस्तंबूलचा ग्रीक, १९२१ मध्ये अमेरिकेला गेलेला. पुढे १९३० मध्ये अथेन्सला मिखालिस पात्रिनोसने आपल्या साथीदारांबरोबर ते गायलं. पात्रिनोस मूळचा स्मर्ना शहराकडचा, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर, म्हणून त्याच्या तोंडी शब्द ‘मुसुर्लू’ असा येतो. अर्थ ‘मिसरची बाई’, इजिप्तची. आपण इजिप्तला मिसर म्हणायचो तोच शब्द. एक ग्रीक माणूस परधर्मातल्या त्या मुलीसाठी झुरतोय, असं ते गाणं.

ही तारीख नुसती तारीख म्हणून घेऊ नकोस. १९२२ मध्ये स्मर्ना जळालं. पुढच्या वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल ठरली आणि दहा-बारा लाख ग्रीक अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातून, उखडले गेले. ते सोबत जे घेऊन आले त्यात ही चाल होती. चाल कोणी बांधली, याचा कागद नाही. कॅफेत रात्रभर बसणाऱ्या वाजवणाऱ्यांनी मिळून ती घडवली असावी, असंच बहुतेक जाणकार मानतात. त्याच चालीवर १९४१ मध्ये निक रूबानिस या अमेरिकेतल्या ग्रीक संगीतशिक्षकाने जॅझच्या अंगाने वाद्यरचना केली आणि संगीतकार म्हणून आपलं नाव घातलं. कोणी कोर्टात गेलं नाही, म्हणून आजही जगभर बहुतेक ठिकाणी त्याचंच नाव छापलं जातं. मला हे सहन होत नाही, नंदू. त्याची मांडणी चांगली आहे, तिच्यामुळेच धून अमेरिकेच्या बँडवाल्यांपर्यंत पोचली, सगळं कबूल. पण चौदा वर्षं आधीची तबकडी समोर असताना ‘संगीत: रूबानिस’ वाचलं की आत काहीतरी दुखतं. ज्यांचं घर गेलं, गाव गेलं, त्यांची चालही दुसऱ्याच्या नावावर चढली.

त्यानंतर ती सुसाट सुटली. त्याच वर्षी ट्रम्पेटवाला हॅरी जेम्स, चाळीसच्या दशकाच्या शेवटाकडे पियानोवर जॅन ऑगस्ट. आणि एक ऑर्गनवाला, ज्याच्यापाशी मी दोन दिवस अडकलो: कोरला पंडित. हो, पंडित! डोक्याला फेटा, फेट्यात खडा, डोळे थेट कॅमेऱ्यात रोखलेले. लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर १९४९ पासून तो ऑर्गन वाजवायचा आणि कार्यक्रमात तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आपण दिल्लीत जन्मलो, असं सांगायचा. १९९८ मध्ये तो वारल्यावर तीन वर्षांनी उघड झालं की तो मिसूरीचा जॉन रोलंड रेड, कृष्णवर्णीय अमेरिकन. त्या काळात त्या वर्णाच्या माणसाला टीव्हीवर असा स्वतःचा कार्यक्रम कोणी दिला नसता, म्हणून त्याने आपला देश उधार घेतला आणि मरेपर्यंत निभावला. त्याचं ‘मिसिरलू’ ऐक. इतकं मऊ वाजवतो की मला त्या माणसाबद्दल माया वाटली.

आता डेल. खरं नाव रिचर्ड मन्सूर, १९३७ ला बॉस्टनमध्ये जन्मलेला, वडील लेबनानी वंशाचे. काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचा. डेलच सांगायचा, एका पोराने कार्यक्रमात विचारलं, एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवशील का? त्या रात्री त्याला काकाची ही धून आठवली. मुळातली संथ, नाचाची. ती तो वाढवत वाढवत अशा वेगाला घेऊन गेला की ऐकणाऱ्याचा श्वास लागावा. डावखुरा होता, पण गिटार उजव्या हाताच्या तारांची, तशीच उलटी धरलेली, त्यामुळे जाड तार तळाला. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने दिलेले अॅम्प्लिफायर तो एकामागून एक जाळायचा, शेवटी फेंडरने त्याच्यासाठी जास्त ताकदीचा बनवला. बाल्बोआच्या रांदेव्हू नृत्यगृहात तीन-तीन हजार पोरं जमायची, त्यांतली बरीच दिवसभर लाटांवर खेळून आलेली. १९६२ मध्ये वडिलांच्याच डेलटोन कंपनीने ती तबकडी काढली. मग बीच बॉइज, कोलोरॅडोचे अॅस्ट्रोनॉट्स, मिनेसोटाचे ट्रॅशमेन या बँडांनीही ती वाजवली. शेवटच्या दोघांच्या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर! पुढे १९९४ चा तो सिनेमा, ‘पल्प फिक्शन’, आणि त्यानंतरचं सगळं तुला माहीतच आहे.

काल रात्री मी एक केलं. डेलचं ध्वनिमुद्रण संगणकावर निम्म्या वेगाने लावलं, सूर न बदलता. मग लगेच पात्रिनोसचं. पुन्हा डेल, पुन्हा पात्रिनोस. असं सात-आठ वेळा. वेग उतरल्यावर डेलच्या आघातांचे दाणे सुटे झाले आणि कोमल ऋषभावरून गंधारावर चढताना तो जरासा रेंगाळतो, ते स्पष्ट ऐकू आलं. पात्रिनोस गळ्यातून तेच वळण घेतो, खरखरीच्या मागून. मी हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. डेलने पात्रिनोस कधी ऐकला असेल की नाही, देव जाणे. पण काकाकडून पुतण्याला मिळतं ते असं मिळतं, आणि तुझ्या गुरुजींनी तुला मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, शिकवली ती कागदावर लिहून थोडीच दिली होती?

डेल २०१९ च्या मार्चमध्ये गेला. म्हातारपणी आजारी असतानाही दौरे करत होता, कारण औषधपाण्याचा खर्च भागवायचा होता. त्याने ते लपवलं नाही.

सगळी ध्वनिमुद्रणं सालवार लावून पेनड्राइव्हवर भरून या पत्रासोबत धाडतो आहे. आधी १९२७ चं ऐक, डेल सगळ्यात शेवटी. मध्ये उडी मारू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा सतार घेऊन ये. ही चाल तुझ्या हातून विलंबितात ऐकायची आहे, आंदोलनासकट, आणि मग तू आपणहून वाढवत नेशील तशी. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
विन्या