माझी भिशीची वही वाचणाऱ्या बँकेतल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण वाचलंत तर लगेच ओळखाल, प्लास्टिकच्या पिशवीत भिशीची वही घेऊन आलेली सांगलीची ब्लाऊजवाली ती मी.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन ठिकाणी फिरून आले होते. दुकानासाठी ओव्हरलॉक आणि पिकोची मशीन घ्यायची होती, दीड लाख कमी पडत होते. पहिल्या बँकेत साहेबांनी कॉम्प्युटरवर पॅन नंबर टाकला, माझं सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर बघितला आणि म्हणाले मायनस वन दाखवतंय, कर्जाची हिस्ट्रीच नाही तुमची. माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. दुसरीकडे फायनान्सवाला लगेच हो म्हणाला पण व्याज २६ टक्के आणि वर दोन जामीनदार, का तर म्हणे पहिलंच कर्ज, रिस्क आहे. त्या रात्री झोप लागली नाही मला. चौदा वर्षं दुकानाचं भाडं पाच तारखेच्या आत, लाईट बिल एकदाही थकलं नाही, सासूबाई आयसीयूत होत्या त्या महिन्यात पण भिशीचा हप्ता चुकवला नाही, आणि हिस्ट्री नाही?? आमच्याकडे उसनं घेणं म्हणजे कमीपणा, वडील कायम सांगायचे अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसंच वागत आले आणि त्याचाच दंड भरायचा. कर्ज काढून दोन हप्ते उशिरा भरणाऱ्याचा पण काहीतरी आकडा असतो, माझा नाहीच. अजून आठवलं की राग येतो.

तुम्ही आधी वही मागितलीत. पानं उलटून सह्या बघितल्यात, मध्येच थांबून विचारलंत की इथून हप्ता दुप्पट कसा झाला, मी सांगितलं तेव्हा आम्ही हजाराची भिशी दोन हजारांची केली. माझ्या हिशोबात इतकं लक्ष आजवर कुणी घातलं नव्हतं. मग सरळ सांगितलंत की वहीवर लोन देता येणार नाही, सिबिलला फक्त बँका आणि फायनान्स कंपन्या कळवतात तेवढंच दिसतं, भिशी दिसत नाही, पण वही बघून एवढं कळलं की तुम्ही क्रेडिट कार्ड नीट वापराल. नकारच होता तो, पण मला रडू आलं ते बरं वाटून.

मायनस वन म्हणजे वाईट नाही, पाटी कोरी आहे, हेही तुम्हीच समजावलंत. स्कोअर ३०० पासून ९०० पर्यंत असतो, माझा अजून सुरूच झालेला नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नये, तरी बँक बाकीची चौकशी करणारच, हे ऐकून निदान माझी काही चूक नव्हती एवढं तरी कळलं.

स्कोअर सुरू व्हावा म्हणून वीस हजारांची एफडी केली, तिच्यावर क्रेडिट कार्ड मिळालं. अस्तर, दोरे, हुक एवढंच त्यावर घ्यायचं, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जायचं नाही, बिल पूर्ण भरायचं. पहिल्या बिलावर मिनिमम ड्यू म्हणून छोटासा आकडा होता, तेवढाच भरायचा असतो असं समजून मी भरायला निघाले होते, बरं झालं आधी तुम्हाला फोन केला. जेवायची वेळ होती तुमची, तरी उरलेल्या रकमेवर व्याज कसं चढतं ते नीट सांगितलंत. नेट कॅफेवाला सिबिलचा रिपोर्ट काढायचे पाचशे मागत होता, तेव्हाही तुम्हीच सांगितलंत की वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, मग माझ्या मोबाईलवर मलाच काढायला लावलात.

सात महिन्यांनी स्कोअर ७४२ आला. स्क्रीनशॉट पहिला तुम्हाला पाठवला, नवऱ्याला नंतर. लोन तुमच्याच शाखेतून झालं, त्या फायनान्सवाल्याच्या निम्म्याहून कमी व्याजाने आणि जामीनदार न देता. ओव्हरलॉक आलीये, पिको पुढच्या आठवड्यात येतेय.

मॅडम, खरंच मनापासून आभार. आणि एक विनंती आहे, आमच्या भिशीतली एक जण पापड-कुरडयांचा धंदा करते, तिला पण परवा मायनस वन सांगून परत पाठवलंय. सोमवारी तिला घेऊन येऊ का? वही आणायला सांगितलीये.