जोड पुसण्याआधी तो का दिसतो, ते पाहावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाचकांनी पाठवलेली रंकाळ्याची आणि पन्हाळ्याची रुंद पॅनोरमा छायाचित्रे, म्हणजे अनेक चित्रे शेजारी जोडून केलेली दृश्ये, आपण आवर्जून छापता. मात्र त्यांपैकी काहींत आकाशावर उभे पट्टे दिसतात, तर काहींत तटबंदी मध्येच तुटलेली दिसते. असे जोड संगणकावर ब्रश फिरवून पुसण्याची पद्धत रूढ झाली आहे. माझ्या मते ती चुकीची आहे, कारण हे दोन दोष मुळातच वेगळे आहेत.

पट्टे उजेडाच्या फरकातून येतात. सायंकाळी रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेसकडून संध्यामठाकडे कॅमेरा वळवला की स्वयंचलित एक्सपोजर (चित्रात घेतल्या जाणाऱ्या उजेडाचे प्रमाण) प्रत्येक चित्राला बदलते. शिवाय लेन्समुळे चित्राचे कोपरे किंचित काळवंडतात आणि जोडलेले आकाश नऊवारीच्या निऱ्यांसारखे दिसू लागते. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) हाताने कायम केले, शेजारच्या दोन चित्रांत सुमारे एक तृतीयांश भाग सामाईक ठेवला आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवला, तर निम्मे काम तिथेच होते. उरलेला फरक ‘हगिन’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी एक्सपोजर व कोपऱ्यांचा काळसरपणा दुरुस्त करून मगच ब्लेंडिंगला, म्हणजे चित्रे जोडावर एकमेकांत मिसळायला, द्यावा. त्यासोबतचे मिसळण्याचे काम करणारे ‘एनब्लेंड’ हे सॉफ्टवेअर संशोधक बर्ट आणि अ‍ॅडेलसन यांनी 1983 मध्ये मांडलेली पद्धत वापरते: आकाशासारख्या सावकाश बदलणाऱ्या छटा रुंद पट्ट्यात मिसळायच्या, दगडाच्या सांध्यांसारखे बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात.

तुटलेल्या तटाला मात्र ब्लेंडिंगचा काहीही उपयोग नाही. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीतून जवळची भिंत आणि खालची दरी एकत्र टिपताना कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरला, तर भिंत दरीच्या तुलनेत सरकते; तो लेन्सच्या प्रवेशछिद्राच्या (समोरून पाहता लेन्समध्ये दिसणाऱ्या छिद्राच्या) बिंदूभोवतीच फिरायला हवा. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली अर्धवट कापलेली सासनकाठी हा याच जातीचा दोष, फक्त इथे वस्तूच हलते. अशा वेळी मास्क (कोणत्या चित्राचा कोणता भाग घ्यायचा, हे ठरवणारी आखणी) आखून ती काठी एकाच चित्रातून घ्यावी आणि जोड मोकळ्या आकाशातून न नेता भिंतीच्या किंवा झाडांच्या कडेने न्यावा. मात्र काठी त्या एका चित्रात पूर्ण आलेली असली पाहिजे.

हौशी चित्रात हे खपून जाईल. परंतु 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या पाण्याची छायाचित्रे पुरावा म्हणूनही पाहिली जातात, आणि तिथे जोडावर सरकलेली पाण्याची कड दिशाभूल करते. म्हणून पुराचे पॅनोरमा मागवताना वाचकांकडून मूळ सुटी चित्रेही घ्यावीत आणि छापताना ‘अनेक चित्रे जोडून’ असा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, कोल्हापूर