बार धरणाऱ्या पोरी

लाँग बीच, कॅलिफोर्निया

चि. ओंकार यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

ताई म्हणाली, वर्कशॉपमध्ये रिव्हेट (पत्रे जोडणारी धातूची खीळ) ठोकायची गन दुसऱ्याच्या हातात आणि तुला मागच्या बाजूने नुसता बार, म्हणजे जड धातूचा ठोकळा, धरायला देतात, म्हणून तू फुगून बसलायस. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या महायुद्धात इथे डग्लसच्या कारखान्यात बी-१७ बॉम्बर आणि सी-४७ मालवाहू विमानं बनत. (आपल्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला काढलेल्या कारखान्यात अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालायची, ती याच काळात.) लॉस एंजेलिस भागातल्या अशा कारखान्यांत मेक्सिकन घरांतल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरीही लागल्या. आईबाप सीमेपलीकडून आलेले, घरात स्पॅनिश. त्याआधी त्यांच्या वाट्याला शिवणकाम, लाँड्री, नाहीतर फळं डबाबंद करणं. जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने हुकूम काढला की संरक्षण उत्पादनात वंश, रंग, मूळ देश बघून कुणाला नाकारायचं नाही. माझ्या मते दार उघडलं ते हुकुमापेक्षा माणसांच्या तुटवड्याने.

फोटोंत गनवालीच मिरवते. पण रिव्हेटला एक डोकं आधीच असतं, दुसरं घडतं ते बारवर, आणि ते बघते बारवालीच. अंग चोरून पंखाच्या आत शिरायचं तेही तिनेच.

१/८ इंची रिव्हेट घे. भोक तीस नंबरच्या ड्रिलने. भोकाच्या कडेला उठलेली धारदार बर नीट काढ. राहिली तर पत्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि रिव्हेट मधल्या फटीत फुगतो. दांडी बाहेर व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३/१६ इंच. ठोकल्यावर डोक्याची रुंदी तेवढीच, उंची व्यासाच्या निम्मी. बार दीड-पावणेदोन किलोचा, दांडीशी काटकोनात. कलला की डोकं एका अंगाला सरकतं. गन सुरू व्हायच्या आधी रेटलास तर पलीकडचं डोकं पत्र्यावरून उचललं जातं. गन थांबायच्या आत बार काढलास तर पत्र्याला पोचा ठरलेलाच.

२४एस या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रिव्हेट आणखी नखरेल. भट्टीत तापवून पाण्यात विझवले की थोडा वेळ मऊ राहतात, मग आपोआप कडक होतात. म्हणून ते बर्फपेटीत ठेवतात आणि बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटांत ठोकतात. उशीर झाला की डोक्याला तडे जातात. तेव्हा मूठभरच न्यायचे. उरलेले पेटीत परत टाकायचे नाहीत, भट्टीकडे पाठवायचे.

त्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही. इंग्रजी येवो न येवो, सगळ्या सारख्याच. बारवाली रिव्हेटवर टकटक करून सांगते: एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला, काढ. काढताना आधीच्या डोक्याच्या मधोमध, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल कर आणि पंचाने डोकं उडव. खोल गेलास तर भोक मोठं होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो.

कानात प्लग घालत जा. त्या काळी अनेकींना तेही मिळाले नव्हते. आणि तुमच्याकडे टकटकीची खूण कोणती आहे ते उद्याच गनवाल्याला विचारून घे. जागोजागी फरक असतो.

ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी