पाट्याचं पोलाद

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय गड्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू विचारलंस, लोहारकीची हत्यारं स्वतः घडवण्याचा एवढा खटाटोप कशाला, बाजारातून हत्यारं विकत आणून मोकळा का होत नाहीस? फोनवर सांगून झालं असतं, पण हे तुला सावकाश बसून लिहावंसं वाटलं.

आबांची हत्यारं कशी गेली ते तुला ठाऊक आहे. ते वारले तेव्हा मी इथं उद्यमनगरात लेथवर पाळ्या करत होतो. गावाकडं घर आवरताना ऐरण, दोन्ही घण, खुंटीवरच्या सगळ्या सांडशी किलोच्या भावानं भंगारात गेल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता. त्यातली ऐरण सोडली, तर एकही वस्तू आबांनी विकत आणलेली नव्हती. सुताराचा वाकस, चांभाराची रापी, शेतकऱ्याचा फाळ लोहार घडवतो. लोहाराची सांडशी मात्र लोहारालाच घडवावी लागते. ती दुकानातून आणली, तर आबांच्या कामातलं मी काय पुढं चालवतोय, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

म्हणून दर शनिवारी भंगारवाल्याच्या ढिगावर जातो. डोळा आधी ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, शोधतो. आपल्याकडं ऊसतोडीचा चांगला कोयता पाट्याचाच लागतो, ते उगीच नाही. त्याचं पोलाद बहुधा ईएन ४५ जातीचं असतं. कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त, आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के. वाकून परत सरळ होण्याचा गुण तिथून येतो. बेअरिंगच्या कड्यात कार्बन एक टक्का, जुन्या कानशीत त्याहूनही जास्त. पण भंगारावर जात लिहिलेली नसते, म्हणून मी आधी तुकडा ग्राइंडरला लावतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बनवालं असलं की त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. मग तोच तुकडा लाल करून विझवायचा आणि त्यावर कानस फिरवायची. कानस घसरली, तर तो माल हत्याराचा.

पाट्याचीही एक खोड आहे. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून हादरे खाऊन त्याच्या पोटात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. मी पहिली छिन्नी नेमकी तिथलीच घडवली, आणि आबांसारखी पाण्यात बुडवली. 'टिंग' असा आवाज झाला. बाहेर काढली तर धारेपासून इंचभर चीर. आबा पाणी द्यायचे ते फक्त धारेला, तेही क्षणभर. मी अख्खी बुडवली होती. आता भोकाजवळचा भाग टाकून देतो आणि तेल वापरतो, खायचंच, थोडं कोमट करून. लोहचुंबक चिकटेनासं झालं, म्हणजे साधारण ७७० अंश झाले. त्याच्या थोडं वर नेऊन टोक तेलात.

आणि गड्या, यापुढचा भाग पाहायला तू इथं हवा होतास. टोक विझलेलं, पण मागचा दांडा अजून गरम. टोक पॉलिश पेपरनं झटपट घासून पांढरं करायचं आणि नुसतं बघत राहायचं. मागची धग हळूहळू पुढं सरकते आणि पोलादावर रंग चालत येतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागून निळा. पिवळ्याला २२०-२३० अंश, निळ्याला ३०० च्या आसपास. छिन्नीला मी जांभळा धारेपाशी आला की थांबवतो. पिवळ्यावरच थांबलो तर ती टवका टाकते, निळा पुढं गेला तर धार मुडपते. आबा हे काम नेहमी दिवेलागणीला करायचे. उन्हात लाल रंग फसवतो, हे मला आत्ता कळलं. भात्याची दोरी तू ओढायचास, आणि अंधार पडल्यावरच ते आपल्याला 'जवळ या' म्हणायचे, आठवतं?

सांडशीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. हात बसला म्हणून तीही पाट्याची करायला निघालो होतो. मग लक्षात आलं की सांडशी तापली की आपण ती सवयीनं पाण्यात बुचकळतो. पाट्याचं पोलाद त्यानं कडक होऊन बसेल, आणि एक दिवस लालबुंद तुकडा धरलेला असताना जबडा तुटून पायावर येईल. सांडशीला साधं, मऊ लोखंडच हवं. वाकलं तर पुन्हा सरळ होतं. जुन्या खिडकीच्या गजातून मी तीन सांडशी केल्या. पहिलीच्या दोन बाजू मी आरशातल्यासारख्या उलटसुलट घडवत होतो. जोडल्यावर दोन्ही जबडे एकाच अंगाला आले असते, पण रिवेट घालण्याआधी त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणून वाचलो. दोन्ही तंतोतंत सारख्याच घडवायच्या असतात. एक उलटून दुसरीवर ठेवली की आपोआप जोडी जमते.

ऐरणीच्या जागी रुळाचा दोन फुटी तुकडा आहे. पावती असलेल्या भंगारवाल्याकडूनच घेतला, कारण रेल्वेचा माल असा जवळ सापडला तर १९६६ च्या कायद्यानं गुन्हा होतो. मीटरला ६० किलोचा रूळ, म्हणजे जवळपास ३६ किलो वजन. लोक तो आडवा मांडतात, तेव्हा मधली पट्टी लवते आणि हातोडा नुसता नाचतो. मी तो जमिनीत उभा गाडलाय. माथा जेमतेम तीन इंच रुंद, पण सगळं वजन घावाच्या खाली. घाव कसा भरीव बसतो!

हातोडा ट्रकच्या एक्सलचा केला. त्याला भोक पाडायला दोन रविवार गेले. पंच तीन-चार घावांनंतर काढून विझवायचा, भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकायची म्हणजे तो अडकत नाही, मग उलट बाजूनं मारायचं. हाताखाली कुणी असतं तर एका दिवसाचं काम.

तू स्वतःही सुरू करणार म्हणतोस, तर दोन गोष्टी मनापासून सांगतो. पत्र्यावर किंवा पाइपवर जस्ताचा मुलामा असेल तर तो भट्टीत घालू नकोस. त्याचा पांढरा धूर छातीत बसतो. आणि गाडीचा शॉकअप सगळीकडून बंद असताना, म्हणजे न कापता, कधीही तापवू नकोस, तो फुटतो.

हातोडा तयार आहे, पण दांडा अजून नाही. इथं मिळतात ते मऊ लाकडाचे, चार दिवसांत सैल होतात. तुमच्या बांधावरची बाभूळ मागच्या उन्हाळ्यात तोडली होती ना? वाळलेली, सरळ रेषांची, हातभर लांब फांदी मिळाली तर येताना घेऊन ये. भोक सव्वा इंच लांब आणि पाऊण इंच रुंद आहे. तासू नकोस, तसंच आण, इथं बसून दोघं मिळून बसवू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
आबांचा थोरला